वायरवर फाइल नसतेच : पॅकेटांतून मालवेअर शोधण्याचा इतिहास



नेटवर्क फोरेन्सिक्समध्ये संशोधन करायचं ठरवलं की सुरुवातीलाच एक काम हमखास वाट्याला येतं. गाइड एक पीकॅप फाइल देतात, म्हणजे नेटवर्कवरून गेलेल्या पॅकेटांची जशीच्या तशी साठवलेली नोंद, आणि सांगतात, "यातून काय काय डाउनलोड झालं ते बाहेर काढा आणि त्यात मालवेअर आहे का बघा." तुम्ही वायरशार्क उघडता, मेनूमधून 'एक्सपोर्ट ऑब्जेक्ट्स' निवडता, आलेली सगळी यादी एका फोल्डरमध्ये सेव्ह करता आणि त्यावर क्लॅमएव्ही चालवता. शेवटी आकडा येतो : संसर्गित फाइल, शून्य.

आता रिपोर्टमध्ये काय लिहाल? "मालवेअर नव्हता" की "मालवेअर सापडला नाही"?

ही दोन वाक्यं सारखी वाटतात, पण त्यांच्यातलं अंतर मोठं आहे. पहिल्या वाक्यावर विसंबून कुणीतरी मशीन पुन्हा कामाला लावतं, कुणीतरी तपास बंद करतं, कुणीतरी तुमच्या आकड्यावर आपला पेपर उभा करतो. दुसरं वाक्य लिहायचं तर आपण कुठे पाहिलं आणि कुठे पाहूच शकलो नाही, हे सांगावं लागतं. ते सांगता यायला या तंत्राचा इतिहास कामाला येतो, म्हणून आजचा लेख. गेल्या पस्तीसेक वर्षांत 'फाइल काढणं' या शब्दांचा अर्थच कितीदा तरी बदलला आहे.

आधी एक मूळ गोष्ट

वायरवरून फाइल जात नाही. पॅकेटं जातात. इथरनेटवर एका पॅकेटमध्ये साधारण १४६० बाइट मजकूर बसतो. म्हणजे १ एमबीची फाइल सातशेहून जास्त तुकड्यांत जाते. तुकडे मागेपुढे पोहोचतात, काही हरवतात आणि पुन्हा पाठवले जातात, आणि त्याच वायरवर इतर शेकडो संवादांचे तुकडेही मिसळलेले असतात.

आपल्याकडच्या जुन्या पोथ्या आठवा. पानं सुटी, शिवण नाही. पानाच्या कडेला क्रमांक असतो म्हणून पोथी लावता येते. टीसीपीमधला सीक्वेन्स नंबर म्हणजे हाच कडेचा क्रमांक. तुमच्या फोल्डरमध्ये येऊन पडलेली फाइल ही कुठल्या तरी टूलने सुट्या पानांवरून लावलेली पोथी असते. एखादं पान गहाळ असेल, एखादं दुसऱ्याच पोथीतलं आलं असेल, तरी फोल्डरमध्ये ती फाइलसारखीच दिसते. ही गोष्ट डोक्यात ठेवून पुढे वाचा.

१९८६ : प्रिंटरवर उमटलेला घुसखोर

कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत १९८६ साली संगणक-वापराच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक आला. तो शोधण्याचं काम क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञाकडे आलं आणि त्यातून एक घुसखोर हाती लागला : जर्मनीतल्या हॅनोव्हरचा मार्कुस हेस. चोरलेली माहिती सोव्हिएत केजीबीला विकली जात होती. स्टोल यांनी ही हकीकत १९८८ मध्ये एका शोधलेखात आणि १९८९ मध्ये 'द ककूज एग' या पुस्तकात मांडली.

आपल्या कामाचा भाग असा. स्टोल यांनी बाहेरून येणाऱ्या लाइनींना प्रिंटर आणि टर्मिनल जोडले. घुसखोर जे टाइप करील आणि त्याला जे उत्तर मिळेल ते सगळं कागदावर उमटत गेलं. नोंद त्याच संगणकावर ठेवली असती तर घुसखोराला ती दिसली असती, पुसताही आली असती. म्हणून ऐकणारं उपकरण वेगळं ठेवलं, त्याच्या नजरेआड. नेटवर्कवरून पुरावा गोळा करण्याचं मोठं बळ आजही हेच आहे. मशीन ताब्यात गेलं तरी बाहेर ठेवलेली नोंद हल्लेखोराच्या हाती लागत नाही.

पण तेव्हा लाइनीवरून साधा मजकूर जात होता. कागद वाचला की प्रकरण कळत होतं. पानं लावायचा प्रश्न अजून आलाच नव्हता.

१९८८ : अडुसष्ट बाइट

त्याच प्रयोगशाळेत व्हॅन जेकबसन वेगळ्याच गोष्टीमागे होते. ऑक्टोबर १९८६ मध्ये ही प्रयोगशाळा आणि जेमतेम ४०० यार्डांवरचं बर्कली विद्यापीठ यांच्यातला वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर आला होता. टीसीपी असं का वागतो हे पाहायला पॅकेटं पाहणं भाग होतं. जेकबसन, क्रेग लेरेस आणि स्टीव्हन मॅककॅन यांचं टीसीपीडम्प हे साधन टीसीपीच्या अशाच अभ्यासातून १९८८ च्या सुमारास आलं. पुढे मॅककॅन आणि जेकबसन यांनी बर्कली पॅकेट फिल्टर मांडला, त्यावरचा पेपर १९९३ च्या यूझनिक्स परिषदेतला आहे. नको असलेली पॅकेटं कर्नेलमध्येच गाळायची आणि हवी तेवढीच वर पाठवायची, ही त्यातली कल्पना. तुमची पीकॅप फाइलही याच घराण्यातली.

आता गंमत बघा. जुना टीसीपीडम्प प्रत्येक पॅकेटचे पहिले ६८ बाइटच ठेवायचा. आकडेमोड करू. इथरनेटचं हेडर १४, आयपीचं २०, टीसीपीचं २०. झाले ५४. उरले १४ बाइट. म्हणजे १४६० बाइटांच्या पानातली १४ अक्षरं ठेवून बाकीचं पान टाकून द्यायचं! जेकबसन यांच्या कामाला हे पुरेसं होतं, कारण त्यांना पानावरचे क्रमांक हवे होते, मजकूर नको होता. आज डीफॉल्ट २,६२,१४४ बाइट आहे, त्यामुळे ही मर्यादा सहसा जाणवत नाही. पण जुना डेटासेट हाती आला तर सगळ्यात आधी हा आकडा पाहा. ६८ बाइटांवर कापलेल्या नोंदीतून एकही खरी फाइल निघणार नाही, आणि टूल मात्र तक्रार न करता शून्य दाखवेल.

१९९८ : पाठभेद

व्हर्न पॅक्सन यांनी ब्रो ही निरीक्षण-प्रणाली १९९५ मध्ये लिहायला घेतली. तीही बर्कली प्रयोगशाळेतच. १९९८ च्या पेपरमध्ये ती जगापुढे आली. नाव ऑर्वेलच्या 'बिग ब्रदर'वरून, मुद्दाम : जो नेटवर्क ऐकतो त्याच्या हातात लोकांचं खासगी आयुष्यही असतं, याची आठवण राहावी म्हणून. २०१८ मध्ये तिचं नाव झीक झालं. ब्रोने संवाद पूर्ण जोडून प्रोटोकॉलच्या पातळीवर वाचायला घेतला. सुट्या पानांऐवजी आता पोथी वाचली जाऊ लागली.

त्याच वर्षी जानेवारीत थॉमस टाचेक आणि टिमोथी न्यूशम यांचा एक निबंध आला. संशोधनात उतरणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा वाचावाच. त्यांचा प्रश्न साधा होता : एकाच क्रमांकाची दोन पानं आली आणि दोन्हींवर वेगळा मजकूर असेल तर? काही ऑपरेटिंग सिस्टिम आधी आलेलं पान धरतात, काही नंतरचं. हल्लेखोर असंही करू शकतो की एखादं पॅकेट ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचेल पण खऱ्या मशीनच्या आधीच मरून जाईल. मग ऐकणारा एक मजकूर वाचतो आणि मशीनला दुसराच मिळतो. त्यांनी तेव्हाच्या चार व्यावसायिक प्रणाल्या तपासल्या. चारही फसल्या.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली तेव्हा पंडितांपुढे पाठभेदांचा ढीग होता. त्यांनी एक पाठ निवडला, पण बाकीचे तळटीपांत ठेवले. आपली टूलं पाठ निवडतात आणि तळटीप बहुधा कुणी वाचत नाही. झीकमध्ये पुन्हा पाठवलेल्या तुकड्याचा मजकूर आधीच्याशी जुळला नाही तर तशी घटना नोंदवण्याची सोय आहे. तुमच्या प्रयोगात ती तपासली का, हा प्रश्न तोंडी परीक्षेत येऊ शकतो.

२००० ते २००३ : फाइल लपते, मग नाहीशीच होते

मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' वर्म ईमेलच्या अटॅचमेंटमधून पसरला. इथे फाइल होती, पण वेगळ्या वेशात. ईमेलमध्ये बायनरी फाइल बेस-६४ मध्ये जाते, दर तीन बाइटांची चार अक्षरं होतात. विंडोजची चालणारी फाइल 'एमझेड' या दोन अक्षरांनी सुरू होते. बेस-६४ मध्ये तिची सुरुवात बहुधा 'टी-व्ही-क्यू-क्यू' अशी दिसते. म्हणजे पॅकेटांत थेट 'एमझेड' शोधाल तर ईमेलमधली फाइल सापडणारच नाही. वेबवर हेच जीझिप आणि चंक्ड एन्कोडिंगमुळे होतं. पानं क्रमाने लावली तरी लिपी ओळखावी लागतेच.

मग आले फाइलच नसलेले वर्म. जुलै २००१ मध्ये कोड रेडने १४ तासांच्या आत ३,५९,००० संगणक गाठले. तो मेमरीत राहायचा, डिस्कवर स्वतःची फाइल ठेवत नसे. २५ जानेवारी २००३ ला स्लॅमर आला. अख्खा वर्म ३७६ बाइटांचा, हेडरांसकट ४०४ बाइटांच्या एकाच यूडीपी पॅकेटमध्ये मावणारा. दहा मिनिटांत त्याने कमकुवत मशीनांपैकी सुमारे ९० टक्के गाठली. यात जोडायला संवाद नाही, काढायला फाइल नाही, फाइलचं नाव नाही. फाइल काढून तपासणारी प्रणाली इथे नियमांप्रमाणे अगदी बरोबर चालली असती आणि तिचं उत्तर शून्य आलं असतं.

हे जुनं प्रकरण म्हणून सोडून देऊ नका. आजचे 'फाइललेस' हल्ले नाव नवं घेऊन याच वाटेने येतात.

फाइल काढणारी साधनं

फाइल बाहेर काढण्याचे दोन मार्ग वेगवेगळ्या लोकांनी बांधले.

पहिला डिस्क-फोरेन्सिक्सकडून आला. अमेरिकी हवाई दलाच्या तपास विभागातल्या जेसी कॉर्नब्लम आणि क्रिस केंडल यांनी फोरमोस्ट लिहिलं. कच्च्या बाइटांमध्ये फाइलची ओळखीची सुरुवात आणि शेवट शोधायचा आणि मधला भाग कापून काढायचा. याला कार्व्हिंग म्हणतात. डिस्कवर ठीक. पण पीकॅपवर थेट चालवलं तर कापलेल्या भागात मधेमधे पॅकेटांची हेडरं येतात. १४६० बाइटांहून लहान चित्र नीट निघेल, मोठा दस्तऐवज फाटका निघेल.

दुसरा मार्ग प्रोटोकॉल वाचून फाइल काढण्याचा. जेरल्ड कोम्ब्स यांचं १९९८ चं इथिरियल २००६ मध्ये वायरशार्क झालं. स्वीडनच्या एरिक येल्मविक यांचं नेटवर्कमायनर २००७ मध्ये आलं, त्याचा भर फाइल आणि मशीनांची माहिती बाहेर काढण्यावरच होता. सुरिकाटाने २०१२ मध्ये आणि ब्रोने २०१३ च्या २.२ आवृत्तीत फाइल हा स्वतंत्र घटक मानला. फाइल वेबवरून आली, मेलवरून की एफटीपीवरून, तिचा प्रकार, आकार आणि हॅश यांची नोंद एकाच जागी होऊ लागली.

मला इथे सगळ्यात मोलाची वाटते ती एक बारीक गोष्ट. झीकच्या फाइल-नोंदीत 'किती बाइट पाहिले', 'एकूण किती असायला हवे होते' आणि 'किती गहाळ' असे वेगळे रकाने आहेत. सुरिकाटा फाइल पूर्ण बंद झाली की मधेच तुटली ते सांगतं. शेवटी टूलांनीच तळटीप द्यायला सुरुवात केली! पण किती पेपरांत हे रकाने दिसतात? आणि गहाळ बाइटांचा परिणाम किरकोळ नसतो. एक बाइट कमी पडला तरी एसएचए-२५६ हॅश पूर्ण बदलतो. मग ओळखीचा मालवेअरही यादीत 'अनोळखी' म्हणून येतो.

दोन सेटिंग मुद्दाम सांगतो :

पहिलं, सुरिकाटाच्या नेहमीच्या कॉन्फिगरेशनमध्ये संवाद पहिल्या १ एमबीपर्यंतच जोडला जातो. मोठी फाइल काढायची असेल तर फाइल साठवण्यासाठीची वेगळी मर्यादा वाढवावी लागते.

दुसरं, झीक चुकीच्या चेकसमची पॅकेटं सोडून देतं. पण ज्या मशीनवर तुम्ही नोंद करता, तिथे बाहेर जाणाऱ्या पॅकेटांचा चेकसम बहुधा नेटवर्क कार्ड नंतर भरतं. त्यामुळे नोंदीत तो चुकीचा दिसतो आणि अर्धा संवाद गळतो. यासाठी चेकसम न तपासण्याचा पर्याय आहे. नवख्यांना मिळणाऱ्या शून्यांमागे अनेकदा हेच असतं.

तपासणारा कोण?

फाइल निघाली, आता ती चांगली की वाईट हे कोण ठरवणार? टोमाश कोइम यांचं क्लॅमएव्ही २००२ पासून मोफत आहे. स्पेनमधल्या हिस्पासेक या कंपनीने २००४ मध्ये व्हायरसटोटल सुरू केलं, एकच फाइल अनेक अँटीव्हायरसांपुढे ठेवायची ही कल्पना. २०१२ मध्ये ते गूगलने घेतलं. तिथेच काम करणाऱ्या व्हिक्टर अल्वारेझ यांच्या याराने नियम स्वतः लिहायची सोय दिली.

पण अनेक इंजिनं म्हणजे अनेक मतं. एक म्हणतं ट्रोजन, दुसरं म्हणतं काही नाही, आणि महिन्याभराने दोघंही मत बदलतात. म्हणून तपासणीची तारीख आणि सिग्नेचरची आवृत्ती लिहिणं हे संशोधनाचा भाग आहे. ख्रिस्तियान रोसो आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मालवेअर चालवून पाहणारे ३६ शोधनिबंध तपासले आणि प्रयोग कसा करावा, काय काय नोंदवावं याच्या शिफारशी मांडल्या. थीसिसच्या आराखड्याआधी तो पेपर वाचा.

आणखी एक : ट्रॅफिकमधून काढलेली फाइल सरळ व्हायरसटोटलवर चढवू नका. ती कुणाचा तरी वैद्यकीय रिपोर्ट किंवा पगारपत्रक असू शकते, आणि चढवलेल्या फाइल इतर ग्राहकांना मिळू शकतात. आधी फक्त हॅश शोधा.

शिवाय फाइल वायरवर दिसली म्हणजे ती मशीनवर चालली असं होत नाही. डाउनलोड झाली एवढंच सिद्ध होतं. एखाद्या कर्मचाऱ्यावर ठपका येणार असेल तेव्हा हा फरक नोकरीचा प्रश्न असतो.

२०१३ नंतर : कुलूपबंद पोथी

जून २०१३ मध्ये स्नोडेन यांनी बाहेर आणलेल्या कागदपत्रांनंतर एन्क्रिप्शनला जोर आला. २०१५ च्या अखेरीस लेट्स एन्क्रिप्टची मोफत प्रमाणपत्रं सर्वांसाठी खुली झाली. ऑगस्ट २०१८ मध्ये टीएलएस १.३ प्रसिद्ध झालं. त्याआधी सर्व्हरची खासगी किल्ली हाती असली तर जुनी आरएसए पद्धत वापरलेली नोंद नंतरही उघडता येत असे. १.३ मध्ये ती पद्धतच काढून टाकली. आता पानं सगळी आहेत, क्रमही लागतो, पण अक्षर वाचता येत नाही.

ही लोकांच्या दृष्टीने चांगली गोष्ट आहे. 'बिग ब्रदर'ची आठवण पॅक्सन यांनी उगीच करून दिली नव्हती. आपल्यासाठी मात्र कामाची जागा सरकली. संशोधक पॅकेटांचे आकार, वेळा, सुरुवातीच्या हस्तांदोलनाचे ठसे यांकडे वळले. २०१७ चं जेए३ हे त्यातलंच. फाइल काढणं उरलं ते कार्यालयाच्या आतल्या एसएमबी ट्रॅफिकमध्ये, साध्या एचटीटीपीवर अजून चालणाऱ्या मालवेअरमध्ये, आणि ब्राउझरच्या सत्र-किल्ल्या आपणच साठवलेल्या प्रयोगशाळेत. म्हणून आजच्या नोंदीत 'शून्य फाइल' आलं तर पहिला प्रश्न हाच : एकूण ट्रॅफिकपैकी किती भाग मुळात वाचता येण्याजोगा होता?

मग तुम्ही काय करायचं?

डेटासेटपासून सुरुवात करा. एमआयटी लिंकन प्रयोगशाळेचे १९९८ आणि १९९९ चे संच वर्षानुवर्षं वापरले गेले, पण ते कृत्रिम ट्रॅफिकवर उभे होते आणि जॉन मॅकह्यू यांनी २००० मध्ये त्यांच्या मर्यादा सविस्तर मांडल्या. कायडाच्या खुल्या संचांत खासगीपणासाठी मजकूर काढून टाकलेला असतो, तिथे फाइल मिळणारच नाही. सरावासाठी ब्रॅड डंकन २०१३ पासून खऱ्या संसर्गांचे पीकॅप खुले करतात. ते नेटवर्कपासून तोडलेल्या व्हर्च्युअल मशीनमध्येच उघडा. आणि कॉलेजच्या वाय-फायवर लेखी परवानगीशिवाय नोंद करू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ४३ परवानगीशिवाय डेटा उचलण्याबद्दल बोलतं, आणि 'संशोधनासाठी होतं' एवढं सांगून भागत नाही.

त्यानंतर तुमची पद्धत स्वतःच तपासा. अँटीव्हायरस चाचणीसाठी आयकार नावाची ६८ अक्षरांची निरुपद्रवी फाइल असते, जवळजवळ प्रत्येक इंजिन तिला ओळखतं. ती तुमच्या चाचणी-नेटवर्कवर वेगवेगळ्या वाटांनी पाठवा : साध्या वेबवरून, जीझिप करून, ईमेलला जोडून, झिपमध्ये, पासवर्ड असलेल्या झिपमध्ये, एसएमबीवरून, टीएलएसमधून. एवढी छोटी फाइल एका पॅकेटमध्ये मावते, म्हणून काही एमबीच्या झिपमध्ये घालूनही पाठवा आणि मग मुद्दाम काही पॅकेटं गाळा. किती पाठवल्या, किती निघाल्या, किती ओळखल्या, असा साधा तक्ता करा.

हा तक्ता तुमच्या प्रबंधातल्या प्रत्येक शून्याच्या शेजारी उभा राहील. मग "आम्हाला मालवेअर सापडला नाही" या वाक्यापुढे तुम्ही लिहू शकाल, "आणि तो या या वाटांनी आला असता तर आम्हाला दिसला असता, या या वाटांनी आला असता तर दिसला नसता." परीक्षक याच वाक्यावर बोट ठेवतात. आपण आधी ठेवलेलं बरं.